रिकाम्या पुंगळ्या

वर्तमानपत्र वाचणाऱ्या मराठी माणसाला ‘पुंगळी’ हा शब्द नवा नाही. गोळीबाराची बातमी असली की शेवटी ‘पोलिसांनी घटनास्थळावरून तीन रिकाम्या पुंगळ्या जप्त केल्या’ हे वाक्य ठरलेलं. आमच्या लहानपणी बोटांत अडकवून खायच्या त्या पिवळ्या कुरकुरीत नळ्यांनाही पुंगळ्याच म्हणत. त्यामुळे पोलीस त्या का जप्त करतात, आणि भरलेल्या पुंगळ्या असतात तरी कशा, हा प्रश्न मला बरेच दिवस पडलेला होता. :)

खऱ्या पुंगळ्या बादलीभर पाहिल्या त्या थेट अमेरिकेत, आतेभावाच्या गॅरेजमध्ये. दादा गेली पंचवीसेक वर्षं ॲरिझोनात आहे. नोकरी संगणकाची, घरात गणपती दीड दिवसांचा, आणि छंद नेमबाजीचा. नुसता नेमबाजीचाही नाही. झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या रेंजवरून वेचून आणायच्या, निवडायच्या, धुवायच्या आणि पुन्हा भरायच्या, हा त्याचा खरा छंद. तिकडे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय हा उद्योग करता येत नाही, तेव्हा हे वाचून कुणी उत्साहात येऊ नये.) आत्या फोनवर म्हणायची, “अरे, तो तिकडे डाळ निवडतो का काय निवडतो बाई, तासन् तास!” मी प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा आत्याची उपमा पटली. बैठक तीच, मान खाली, आणि खडा दिसला की बाजूला.

आधी माप. छोट्या मापाच्या पुंगळ्या मोठ्यांच्या पोटात जाऊन बसलेल्या असतात, त्या उपटून काढायच्या. मग लोहचुंबक फिरवायचं. पितळेचा नुसता मुलामा दिलेल्या पोलादी पुंगळ्या चिकटून वर येतात, त्या बाद. ॲल्युमिनियमच्या हातालाच हलक्या लागतात, त्याही बाद. मग बुडावरची अक्षरं वाचायची आणि एका कारखान्याचा माल एकत्र करायचा. माप एकच असलं तरी एकाची भिंत जाड, दुसऱ्याची पातळ. जाड भिंत म्हणजे आत जागा कमी, आणि तेवढीच दारू कमी जागेत पेटली की दाब वाढतो. त्यानंतर मूठभर पुंगळ्या ओंजळीत घेऊन दादा खुळखुळवायचा आणि कान लावायचा.

“ऐक. यात एक फुटकी आहे. बद्द वाजतेय.”

आणि खरोखरच त्या मुठीतून एक निघाली, तोंडापासून खाली केसाइतकी बारीक भेग गेलेली. मला एकदम आजोबा आठवले. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणीच्या कामावर होते. घरी कामाबद्दल एक अक्षर बोलत नसत, पण भांड्यांच्या दुकानात गेले की प्रत्येक तांब्या-पातेलं टिचकी मारून कानाशी धरत. दुकानदार वैतागायचा. आजी त्याहून.

दादाला मी विचारत गेलो, हे का बघतोस, ते का बघतोस. तो सांगत गेला. परत आल्यावर बरीच वर्षं जमेल तसं त्यावर वाचत राहिलो. लक्षात आलं ते असं, की ज्या ज्या जागी दादाची नजर थांबत होती त्या त्या जागी कधीतरी, कुठेतरी काहीतरी फुटलेलं होतं, आणि कुणाला तरी त्याचं कारण शोधावं लागलं होतं. त्यातलं एक कारण तर आपल्या पावसाळ्यात सापडलं. म्हणून हा लेख.

तर, पुंगळीच नव्हती तिथून सुरुवात करू. १८५७ चं एन्फिल्डचं काडतूस कागदाचं होतं. दातांनी तोडायचं, दारू नळीत ओतायची, उरलेल्या कागदासकट गोळी वरून ठासायची. चरबीची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे, ती परत सांगत नाही. मला त्या काडतुसाचा वेगळाच गुण आठवतो. झाडल्यावर मागे काहीच उरत नसे. वेचायला काही नाही, मोजायलाही काही नाही.

दहाच वर्षांत हे बदललं. त्याच एन्फिल्ड बंदुकांची मागची बाजू कापून तिथे उघडझाप करणारं झाकण बसवण्यात आलं. ती स्नायडर बंदूक. ब्रिटिश फौजेनं ती १८६६ साली स्वीकारली. मागून भरायची म्हणजे काडतूस धातूचं हवं. पेटलेल्या दारूचा वायू मागे, नेमबाजाच्या डोळ्याकडे, येऊ नये म्हणून पुंगळीनंच क्षणभर फुगून नळीला घट्ट चिकटायचं आणि लगेच सैल होऊन बाहेर यायचं. पुंगळीचं सगळं शास्त्र या फुगण्यात आणि सैल होण्यात आहे. वुलिचच्या रॉयल लॅबोरेटरीतल्या एडवर्ड बॉक्सर यांनी बनवलेली पहिली पुंगळी पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी करून, खाली लोखंडी चकती लावून केलेली होती. पुढे मार्टिनी-हेन्रीलाही तशीच गुंडाळीची पुंगळी दिली. बंदूक तापली की ती आत अडकून बसे, आणि १८८५ साली सुदानच्या वाळवंटात ऐन लढाईत हे झाल्यावर फारच बोभाटा झाला. मग अखंड पितळेची, ओढून काढलेली पुंगळी आली. तीच आजवर चालू आहे.

ओढून काढलेली म्हणजे काय ते पुणेकरांना सांगणं सोपं आहे. कसब्यातल्या तांबट आळीत जाऊन पाच मिनिटं उभं राहावं. तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून भांडं वळवताना मध्येच तांबट ते भट्टीत घालतो. कारण ठोकलेला धातू कडक होतो, आणि तसाच ठोकत राहिलं तर तडकतो. तापवून गार केला की पुन्हा नरम, पुन्हा ठोकायला तयार. पुंगळीचंही तेच. सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त अशा पितळेची चकती घ्यायची, दाबून वाटी करायची, वाटी ओढून पेला, पेला ओढून नळी, आणि दर ओढणीनंतर भट्टी. बूड मुद्दाम कडक ठेवायचं, गळा नरम. शेवटची भट्टी फक्त गळ्यापुरती. दादाच्या फौजी पुंगळ्यांच्या गळ्यावर निळसर-तपकिरी डाग होता, मला तो मळ वाटला. “पुसू नकोस, पुसून जाणारही नाही,” दादा म्हणाला. “अमेरिकन फौज हा डाग मुद्दाम ठेवायला लावते. गळा तापवलाय याची पावती आहे ती.” या डागाकडे पुढे परत यायचं आहे.

आता बुडाची भोकं. पुंगळीच्या बुडात मध्यभागी एक छोटी वाटी असते, तिच्यात ठिणगी पाडणारी टोपी बसते, तिला प्रायमर म्हणतात. टोपीतला मसाला चेचायला आतून ऐरण लागते. बॉक्सरसाहेबांनी ऐरण टोपीतच घातली, त्यामुळे पुंगळीला मध्यभागी एकच भोक. अमेरिकेच्या हायरम बर्डननी ऐरण पुंगळीच्या बुडातच उठवली आणि तिच्या बाजूला दोन बारीक भोकं पाडली. दोघांची पेटंटं एकाच वर्षीची, १८६६. मध्ये एकच भोक असेल तर वरून सळई घालून जुनी टोपी ठोकून काढता येते, म्हणजे पुंगळी पुन्हा भरणं सोपं. दोन बारीक भोकं आणि मध्ये ऐरण असेल तर तोच उद्योग डोकेदुखीचा. आणि इतिहासाची गंमत बघा, इंग्रजाची युक्ती अमेरिकेनं उचलली आणि अमेरिकनाची युक्ती ब्रिटनसकट बहुतेक युरोपानं! म्हणून अमेरिकेत घरोघरी पुंगळ्या भरल्या जातात आणि बाकी ठिकाणी त्या मोडीत जातात. निव्वळ एवढंच कारण आहे असं माझं म्हणणं नाही, कायदे आहेत, सुबत्ता आहे. पण दोन भोकांनी पुष्कळ फरक पाडला हे खरं.

दादाच्या ‘बाद’ डब्यात त्या दिवशी एक थ्री-नॉट-थ्रीची पुंगळी होती. बुडावर ‘केएफ’. मी उडालोच. ही खूण आपल्या खडकीची! १८६९ साली सुरू झालेला तो कारखाना. (२०२१ च्या ऑक्टोबरात ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त झालं, तेव्हापासून खडकी आणि जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहेत.) खडकीहून निघालेला जुना माल कुठल्या कुठल्या हातांतून त्या वाळवंटातल्या रेंजवर पोचला असेल. “चांगली दिसते की रे, टाकतोस कशाला?” असं मी जरा घरचा अभिमान लावूनच विचारलं. दादानं ती उजेडाकडे धरून आत बघायला लावलं. दोन भोकं. बर्डन. इंग्रजांनी घातलेली पद्धत, आपण चालू ठेवलेली.

अमेरिकेत पुन्हा भरण्याची सवय लागली ती १८७० च्या दशकात, रानगवे मारणाऱ्या शिकाऱ्यांपासून. रेल्वेपासून शेकडो मैल आत, महिनोन् महिने माळावर. तयार काडतुसं महाग आणि जड. शिसं आणि दारू बरोबर घ्यायची, रात्री शेकोटीशी बसून दिवसभराच्या पुंगळ्या भरायच्या. त्या वेळची काळी दारू जळून जो गाळ सोडते तो पितळ खातो, म्हणून पुंगळ्या साबणाच्या पाण्यात धुऊन उकळून वाळवायच्या. या धंद्यानं ते रानगवे जवळजवळ संपवले आणि त्यांच्यावर जगणाऱ्या मूळ रहिवाशांचंही जगणं संपत आणलं, हे विसरून चालणार नाही. फौजेच्या पुंगळ्या मात्र तेव्हा पुन्हा भरता येण्याजोग्या नव्हत्या. त्या तांब्याच्या होत्या आणि टोपी आतल्या बाजूला गाडलेली. भरता येण्यासारख्या पुंगळ्या आणि त्या भरायची हत्यारं फौजी ठाण्यांवर आली ती १८८० च्या दशकात.

या तांब्याच्या पुंगळ्यांची एक गोष्ट सांगायलाच हवी. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी कस्टर आणि त्याच्याबरोबरची तुकडी लाकोटा आणि शायान योद्ध्यांनी संपवली. जिवंत परतून हकिगत सांगेल असा त्या तुकडीतला एकही सैनिक उरला नाही. तांबं मऊ, पुंगळ्या बंदुकीत अडकल्या म्हणून गोरे हरले, असं मग बरीच वर्षं बोललं जाई. योद्ध्यांच्या बाजूनं सांगणारे होते, पण त्यांचं कोण ऐकतो! १९८३ साली त्या माळरानाला वणवा लागला, गवत जळून जमीन उघडी पडली. १९८४ मध्ये डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या संशोधकांनी धातुशोधक यंत्रं घेतलेल्या स्वयंसेवकांच्या रांगा करून सगळं रान विंचरून काढलं. प्रत्येक पुंगळी जिथे सापडली ती जागा नकाशावर टिपली. मग दादासारखंच, माप, बूड, खुणा. प्रत्येक बंदुकीचा चाप टोपीवर वेगळा वण उमटवतो, त्यामुळे एकच बंदूक इथून तिथे कशी सरकत गेली हे पुंगळ्यांवरून कळलं. योद्ध्यांजवळ भराभर गोळ्या झाडणाऱ्या हेन्री आणि विंचेस्टर बंदुका किती होत्या ते कळलं. आणि अडकलेली पुंगळी सुरीनं उचकटल्याचे ओरखडे फारच थोड्यांवर निघाले. शंभर वर्षं सांगितलेली सबब पुंगळ्या निवडणाऱ्यांनी बाद केली.

आता त्या गळ्याच्या भेगेकडे येऊ. आणि हिंदुस्थानाकडे.

पावसाळ्यात मोहिमा थांबवायच्या ही आपल्याकडची जुनी रीत. दसऱ्याला सीमोल्लंघन म्हणतात ते काही उगाच नाही. पावसाचे चार महिने घोडी पागेत, वैरणीची बेगमी करायची, आणि चिपळूणकडच्या छावणीला शिवाजी महाराजांनी ती वैरण आगीपासून सांभाळायला बजावलेलं पत्र तर प्रसिद्धच आहे. इंग्रजांच्या फौजेलाही पाऊस चुकला नाही. पावसाळ्यात हालचाल मंदावली की काडतुसांच्या पेट्या कोरड्या, छप्पर असलेल्या जागी ठेवल्या जात, आणि अशी जागा म्हणजे बऱ्याचदा पागा. पाऊस सरला की पेट्या उघडायच्या, तर पुंगळ्यांना भेगा! न झाडलेल्या, कुणी हातही न लावलेल्या काडतुसांना, आणि त्याही नेमक्या गळ्याशी, गोळी जिथे आवळून बसवलेली असते तिथे. पावसाच्या ऋतूत होतं म्हणून इंग्रजांनी त्याला नावही ऋतूचंच दिलं, ‘सीझन क्रॅकिंग’. दमट हवा, उष्मा, वाईट पितळ, असे नाना तर्क चालले.

उलगडा झाला १९२१ मध्ये. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवलं की दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात. एक, धातूत आधीच कोंडलेला ताण. ठोकून-ओढून कडक झालेलं आणि शेवटी नीट न तापवलेलं पितळ बाहेरून शांत दिसतं, आतून ताणलेलं असतं. दुसरी, अमोनिया. आणि पागेत अमोनिया कुठून येतो हे सांगायला नको, घोड्यांच्या मुतातून. ओल, अमोनिया आणि कोंडलेला ताण, या तिघांनी मिळून पितळ तडकत होतं. उपाय तांबट आळीतलाच. गळा हलका तापवून ताण सोडवायचा. दादाच्या पुंगळ्यांवरचा तो डाग म्हणजे हाच उपाय. ॲरिझोनात जिथे वर्षात पाऊस पडला तर बातमी होते, तिथे लोक ज्या डागाकडे बघून पुंगळी ठेवायची की टाकायची ते ठरवतात, तो आपल्या आषाढ-श्रावणाचा आणि पागेतल्या मुताचा डाग आहे. हे मी दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो इतका हसला की वहिनीनं फोन काढून घेतला.

(घरगुती सूचना: अमोनिया घातलेली साफसफाईची द्रावणं पितळेच्या पुंगळ्यांना लावू नयेत, असं दादाचे सगळे मित्र एकमेकांना बजावत असतात. निवडून झाल्यावर हात साबणानं धुवायचे, हेही. टोप्यांच्या राखेत शिसं असतं.)

बाकीच्या दोन तपासण्या भराभर सांगतो. जुन्या टोप्यांच्या मसाल्यात पाऱ्याचं संयुग असे. काळ्या दारूच्या राखेत तो पारा पसरून जाई. पण १८९० च्या सुमारास धूर न करणारी दारू आली, राख जवळजवळ उरेना, आणि पारा थेट पितळेला भिडू लागला. पाऱ्याचा हात लागलेल्या सोन्याचं काय होतं ते सोनाराला विचारा. पितळ ठिसूळ होतं, दिसायला चकचकीत, पुन्हा भरली की फुटते. म्हणून जुन्या तारखेच्या पुंगळ्या कितीही छान दिसल्या तरी जाणकार लोक हात लावत नाहीत. दुसरी तपासणी बुडाच्या किंचित वर उमटणाऱ्या चकाकत्या कड्याची. थ्री-नॉट-थ्रीच्या फौजी बंदुकांत काडतुसाची खोली जरा ऐसपैस ठेवलेली असे, चिखलमातीनं माखलेलं काडतूसही आत जावं म्हणून. सैनिकाची सोय, पुंगळीची ओढाताण. दर वेळी ती थोडी लांबते, आतून एका जागी पातळ होते आणि एक दिवस बूड वेगळं, नळी वेगळी. आतलं हे पातळ झालेलं दिसत नाही. म्हणून दादा कागदाची टाचणी सरळ करून तिचं टोक वाकवतो आणि पुंगळीच्या आतून हळूच ओढतो. खाच लागली की हाताला कळतं. दोन-तीनशे पुंगळ्या, प्रत्येकीला टाचणी. आत्या म्हणते ते काही खोटं नाही.

तोफांच्या पुंगळ्यांचं मात्र सरकारच हे सगळं करत असे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अठरा-पौंडी तोफेच्या पितळी पुंगळ्या आघाडीवरून गोळा होऊन परत येत, तपासून, आकारात आणून पुन्हा भरल्या जात, आणि दर भरणीला बुडावर ‘सीएफ’ अशी अक्षरं ठोकली जात. सातारा-कोल्हापूरकडे एखाद्या फौजी घरात जुनी पितळी फुलदाणी दिसली तर विचारून ती पालथी करून बघा. अक्षरं असतील तर ती मोजा. ती किती वेळा धडाडली ते कळेल. कायद्यानं पाहिलं तर अशी फुलदाणी म्हणजे सरकारी मालमत्ता!

आणि हाच, सरकारी मालमत्तेचा, धागा धरून शेवटचा ढीग. मोजायचा.

१८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी शिपायाच्या हातातलं हत्यार गोऱ्या सोल्जरच्या एक पिढी मागे ठेवलं. गोऱ्यांना मार्टिनी तेव्हा यांना स्नायडर. काडतुसांवर तर विशेषच नजर. वायव्य सरहद्दीवर याला आणखी एक कारण मिळालं. दर्रा आदमखेलसारख्या गावांत पठाण कारागीर ब्रिटिश बंदुकांच्या हुबेहूब नकला करत, आणि झाडलेल्या थ्री-नॉट-थ्रीच्या पुंगळ्या पुन्हा भरत. बर्डनच्या दोन भोकांनी त्यांचं काही अडलं नाही. टोपीत आगकाड्यांचा गूल भरत असं सांगतात. म्हणजे डोंगरात सोडून दिलेली पुंगळी उद्या आपल्याच अंगावर येणार. तेव्हा चकमक झाली, सराव झाला, की पुंगळ्या वेचायच्या, मोजायच्या, परत जमा करायच्या.

ही शिस्त अजून आहे. कॉलेजात एनसीसीत असताना पॉइंट टू-टू रायफलचा सराव असायचा, प्रत्येकाला मोजून पाच गोळ्या. हवालदारसाहेब पुंगळीला ‘खोका’ म्हणत. एकदा एक खोका कमी भरला. चाळीस पोरं गुडघ्यावर बसून गवत चाचपत होतो, ऊन उतरलं, अल्पोपाहाराचे समोसे थंड झाले, तरी कुणाला उठू देईनात. अखेर तो एकाच्या बुटाच्या जिभेखाली निघाला. गोळ्या फळ्याला लागल्या की नाही याची त्या दिवशी कुणी चौकशी केली नाही.

१३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरला जालियनवाला बागेत जनरल डायरच्या हुकमानं पन्नास शिपायांनी थ्री-नॉट-थ्री रायफलींमधून सुमारे दहा मिनिटं गोळ्या झाडल्या. किती? १६५०. सुमारे दीड हजार नाही, सोळाशे पन्नास. माणशी तेहेतीस. शिपायांनी उचललेल्या पुंगळ्या मोजून हा आकडा आला असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आहे, आणि सरहद्दीवरची शिस्त पाहता नवल वाटत नाही. फौज तिथून निघून गेली. जखमींची व्यवस्था बघणं आपलं काम नव्हतं, असं डायरनं पुढे चौकशी समितीपुढे सांगितलं. रात्री संचारबंदी होती. मेलेले आणि मरणारे बागेत तसेच राहिले.

ती चौकशी समिती म्हणजे हंटर समिती. नोव्हेंबर १९१९ मध्ये लाहोरला डायरची साक्ष झाली, तिच्यात मुंबईचे चिमणलाल सेटलवाड यांनी त्याला उलट प्रश्न विचारून पुष्कळ काही वदवून घेतलं. काँग्रेसनं स्वतःची वेगळी चौकशी केली, तिच्यात गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले ते. मेलेल्यांची नोंद घ्यायला सरकारनं सुरुवात केली ती काही महिने उलटल्यावर, तीही सेवा समितीनं घरोघर फिरून नावं जमवली होती त्यांच्या आधारानं. तोवर कितीतरी परगावची माणसं, बैसाखीला आलेली, कुणाच्याच यादीत नव्हती. सरकारी आकडा झाला ३७९. काँग्रेसच्या चौकशीत हजाराच्या आसपास. आज शंभराहून जास्त वर्षं झाली, तो वाद मिटलेला नाही.

१६५० या आकड्याबद्दल मात्र दोन्ही समित्यांमध्ये काही वाद नव्हता.